दुपारचा पहारा

बिल्ला लाल निघाला. रसिकानं तो माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्याला स्वतःच्या हातानं अडकवला, पट्टा सरळ केला, आणि नवरीला हळद लावून झाल्यावर बायका जशा मागं सरकून बघतात तशी दोन पावलं मागं सरकून बघितलं. रसिका म्हणजे आमच्या कंपनीनं आठवडाभरासाठी बोलावलेली शिकवणारी मुलगी. माझ्या भाचीच्या वयाची, बोलायला गोड, आणि माणूस कशानं चालतो याचं शास्त्र शिकून आलेली. पिवळा बिल्ला म्हणजे माणूस बक्षिसानं चालतो, निळा म्हणजे कौतुकानं, जांभळा म्हणजे आपल्या माणसांखातर, हिरवा म्हणजे आतून, आपला आपण. लाल म्हणजे भीतीनं. घोडबंदर रोडवरच्या त्या काचेच्या मजल्यावर विम्याचे फोन घेत मी इतकी वर्षं काढली, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब झाली, आणि आज कळलं की मी भीतीनं चालते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाच्या बिल्ल्याला वाजवत होते, माझ्यालाही वाजवल्या. मीही वाजवल्या. रसिकानं वाकून हळूच सांगितलं की लाल वाईट नाही हं मॅम, फक्त ती बाहेरची प्रेरणा झाली, आतली नाही, आणि बाहेरच्यावरून आतलीवर येता येतं, शुक्रवारच्या शेवटच्या सत्रात आपण तेच करणार आहोत. मी बरं म्हटलं. बरं म्हणताना बिल्ल्याची पिन ब्लाउजच्या काठाला टोचत होती, आणि ती टोचणी खरी होती, बाकीचं खरं की खोटं ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

प्रश्न होते ते आधी सोडवून घेतले होते. त्यातला एक मला बसमध्ये परत आठवला. कोणी बघत नसताना तुम्ही काम तितक्याच मनापासून करता का? नेहमी, बहुतेक वेळा, कधी कधी, कधीच नाही. बाकीच्यांनी डोळे झाकून नेहमीवर खूण केली असणार. मी थांबले. कोणी बघत नसताना मी डाळीतले खडे तितके निवडत नाही, हे मला माहीत आहे. देवासमोरची समईसुद्धा सासूबाई गावी असल्या की राख घालून घासत नाही, नुसती पुसते. म्हणून कधी कधी. खरं बोलले आणि लाल झाले. कंपनीची बस कापूरबावडीच्या पुलाखाली अडकली होती, ती तिथे रोजच अडकते, डोंबिवलीला पोचेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या निम्म्या इमारतीत होऊन गेलेल्या असतात. शेजारचा मुलगा झोपला होता, त्याच्या छातीवर निळा बिल्ला वरखाली होत होता. झोपेतही त्याला कौतुक हवं असेल का, असं मनात आलं आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

हसता हसता मला कल्याणचे एक कीर्तनकार बुवा आठवले. नाव मोठं नाही त्यांचं, पण आवाज असा की पहिल्या आलापाला मांडवातल्या बायकांचे पदर आपोआप डोक्यावर जातात. कीर्तन म्हटलं की मी भूक विसरते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या बुवांचं असलं तर घरही विसरते. भक्त चार प्रकारचे असतात, हे त्यांनी एकदा निरूपणात लावून धरलं होतं. एक दुःखात सापडला म्हणून येतो, एक काहीतरी मागायला येतो, एकाला जाणून घ्यायचं असतं म्हणून येतो, आणि एक सगळं जाणून चुकलेला म्हणून येतो. मग टाळकऱ्यांकडे वळून डोळे मिचकावत म्हणाले, आणि एक पाचवा. त्याला विचारलं का आलास, तर म्हणतो, महाराज, आलो. सून भांडली का? नाही. गुडघा दुखतो का? दुखतो, पण त्यासाठी नाही. महाप्रसादाला काय आहे म्हणून आलास? काय आहे? आणि मांडव जो हसला! बुवांनी हात वर केला, हसणं विरू दिलं, आणि एकदम खालच्या पट्टीत म्हणाले की बाबांनो, देव त्या पाचव्याला ओळखतो, कारण देवालाही कोणी विचारलं, तू कमरेवर हात ठेवून का उभा, तर त्यालाही सांगता यायचं नाही. टाळ असा पडला की माझ्या पायाखालची सतरंजी हलल्यासारखी झाली. घरी येऊन नवऱ्याला, सुदेशला, सांगायला गेले तर त्या सांगण्यात काही उरलंच नाही. तो म्हणाला, छान.

काळुराम काकांचा फोन बिल्ल्याच्याच संध्याकाळी, बस अडकलेली असताना आला, म्हणून मला ते दोन्ही आता एकाच दिवसाचं, एकाच धाग्याचं वाटतं. काका म्हणजे बाळकुमला आमच्या माहेरच्या आळीतले, माझ्या बापाचे, देवरामचे, जिवाचे सोबती. गावच्या मारुतीच्या देवळात दर चैत्रात सप्ताह बसतो. सात दिवस नामाचा गजर तुटत नाही, आणि वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवस असो रात्र असो, दोन-दोन तासांचा पहारा. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या, मग त्यांचं आपसात बोलणं असो नसो. दुपारचा, बारा ते दोनचा पहारा वर्षानुवर्षं माझ्या बापाचा. बाबा गेल्यावर तो माझ्या मोठ्या भावानं, महेंद्रनं, धरला. यंदा समितीनं नवं काढलं होतं: ज्याचे पहारे जास्त त्याला चांदीची मूर्ती आणि नाक्यावर फोटो. संध्याकाळचं कीर्तन मोबाईलवर जगभर दिसतं. मग काय, संध्याकाळी पहाऱ्याला झुंबड, आणि दुपारी कोणी नाही. महेंद्रनंही आपला पहारा उचलून कीर्तनाच्या अगोदर नेला, तेव्हा वीणेकरी ठळक दिसतो. काका म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाचा पहारा मोकला परला. आतापरत मी रेटला, पन सुक्रवारी माजे पाय नाय उभे ऱ्हायाचे. कोनाला सांगू?" लगेच तेच म्हणाले, सांगत नाही तुला, फक्त कानावर घातलं. आणि मी धरते म्हणाले. तोंडातून आधी गेलं, मनात नंतर आलं. आमच्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेलेली नव्हती. मग काका म्हणाले, "आंगोल करून ये."

मी लहान असताना दुपारी तांब्या घेऊन मांडवात जायची. वीणेकऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, एका हाताचं बोट तारेवर, दुसऱ्यात चिपळ्या. त्याला पाणी दुसऱ्यानं पाजायचं, घाम दुसऱ्यानं टिपायचा. मी कधी उंच होईन आणि हात पोचतील याची वाट बघायची. तोवर महेंद्र मला उचलायचा, तो नसला की बाबाच नाम न तोडता गुडघे वाकवायचे. सगळं गाव जेवून पालथं पडलेलं, मांडवाच्या पत्र्यातून ऊन ठिबकतंय, घडी घातलेल्या सतरंज्यांवर एक कुत्रा, आणि मधोमध माझा बाप एकटा उभा, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, खाडीवरचा वारा येईल तेवढाच. मी एकदा विचारलं होतं, बाबा, कोन आयकतंय? त्यांनी हनुवटीनं कुत्र्याकडे दाखवलं. असे होते ते. त्यांना सगळेच विचारायचे, देवराम, चांगला संध्याकाळचा पहारा सोडून तू हा मेला दुपारचाच का घेतोस? आणि ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. सरपंचाला सांगितलं, रात्रपाळी असते, संध्याकाळी डोळा लागतो. मास्तरांना सांगितलं, माझा आवाज बेसूर, माणसं नसलेली बरी. आईला सांगितलं, तेवढेच दोन तास तुझी बोलणी चुकतात. सप्ताहाला येणाऱ्या बुवांना सांगितलं, नवस आहे. मला वाटायचं थट्टा करतात. बसमध्ये लाल बिल्ला लावून बसलेली असताना मला पहिल्यांदा दुसरंच वाटलं. जो जे कारण शोधत यायचा, त्याला ते देऊन माझा बाप त्याची बोळवण करत होता, आणि जे होतं ते कुणाच्या हाती लागू देत नव्हता. कोलशेतच्या कारखान्यात जन्मभर हजेरीची घंटा ऐकलेला माणूस; त्यानं स्वतःचं एवढंसं काहीतरी कुठल्याच खात्यात पडू दिलं नव्हतं.

आणि मग माझी कारणं शोधायला सगळे निघाले. सुदेश चांगला माणूस आहे, त्यानं ताटात भात कालवता कालवता मायेनं सांगितलं की तुझे बाबा शेवटी अंथरुणावर होते तेव्हा तुला सारखं जाता आलं नाही, ते तुला सलतंय, धर तू वीणा, मन मोकळं होईल. म्हणजे त्याच्या लेखी ते औषध. माया वहिनीनं, महेंद्रच्या बायकोनं, फोनवर विचारलं की फोटो काढायला कोणाला सांगू का, ताई, पहिली बाई म्हणून बातमी येईल, साडी जरा बरी नेसा. महेंद्र रात्री बोलला. आधी इकडचं तिकडचं, उकाडा, कामं. मग म्हणाला, "हेमा, खरं सांग. गावठाणातल्या घराच्या वाटणीचा विषय काढायचाय का तुला? बाबांच्या जागी उभं राहून दाखवायचंय का लोकांना?" मी म्हटलं, दादा, मला उभं राहायचंय. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी, का? मी म्हटलं, पहारा मोकळा आहे म्हणून. तो म्हणाला, "एवढ्यासाठी कोण उभं राहतं." आणि मला राग आला तो याचा की तो मुद्दाम लावून बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं. त्याच्या, रसिकाच्या, सुदेशच्या, सगळ्यांच्या हातात एकेक पिन होती, आणि मला कुठं टोचायची एवढाच प्रश्न होता.

प्रीतमला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्रीतम आमचा साहेब. मीच त्याला पहिला फोन कसा घ्यायचा ते शिकवलं होतं, अजून ताई म्हणतो. शुक्रवारची रजा हवी म्हटल्यावर त्यानं खुर्ची पुढं ओढली. शुक्रवारी दुपारीच टीम लीडची मुलाखत आहे ताई, सत्राला बसलेल्यांतूनच घेणार आहेत, तुमचं नाव मी वर टाकलंय, किती वर्षं थांबलायत तुम्ही. खरंच थांबले होते. टीम लीड झाले की फोन खाली ठेवता येतो, कानातला तो गरम बोळा निघतो, दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांची नावं पुन्हा पुन्हा वाचून दाखवावी लागत नाहीत. मला ती जागा हवी होती. हे मी स्वतःशी लपवत नाही. दर वर्षी निघते आणि दर वर्षी एखादं निळं, पिवळं पोर ती घेऊन जातं. तो म्हणाला, काही मेडिकल असेल तर सांगा, मी वर काहीतरी सांगतो. कारण काय लिहू? मी म्हटलं, पहारा आहे. कसला पहारा? मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, ताई, देव कुठं जातोय? संध्याकाळी जा ना, कीर्तनाला. मला त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर महेंद्र दिसला. संध्याकाळी सगळेच असतात रे, एवढंच मी म्हटलं.

शुक्रवारी आंघोळ करून, ओल्या केसांनी बाळकुमला पोचले. आमच्या शेतांवर आता मनोरे आहेत, पण त्यांच्या सावल्या भर दुपारी गावापर्यंत पोचत नाहीत, ऊन पडतंच. मांडवात काळुराम काका आपला सकाळचा पहारा संपवत एकटे उभे होते, डोळे मिटलेले, पोटऱ्या थरथरत होत्या. मी पाया पडले. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, वीणेचा हार सारखा केला, आणि सत्तरीच्या पुढचा तो माणूस वाकून माझ्या पाया पडला. मी मागं सरकायला गेले तर म्हणाले, हलू नको, मी तुझ्या पाया नाय परत, वीनेच्या परतंय. मग ते खांबाला टेकून बसले आणि थोड्या वेळात घरी गेले. मी उभी राहिले. वीणा वाटते त्याहून जड असते, आणि तिचा भोपळा बरगडीला लागतो तिथून प्रत्येक ठोका आत जातो. तार एकच. रामकृष्णहरी. पहिल्या थोड्या वेळात मला माझाच आवाज ऐकू येत होता, तो मला आवडलाही, आणि लगेच आवडला म्हणून शरम वाटली. म्हणजे निळा, म्हटलं. मग पायाचे अंगठे दुखायला लागले आणि मनात आलं की एवढं करतेय तर बाबा कुठून तरी बघत असतील, माझं काही चांगलं होईल, म्हणजे पिवळा. आईची आठवण आली, काकांच्या पोटऱ्या आठवल्या, जांभळा. मग आलं की मध्येच नाम तुटलं तर? चक्कर आली, वीणा पडली, तर गावात बाईनं धरली म्हणून पडली असं जन्मभर म्हणतील. आणि मी चिपळ्या घट्ट धरल्या, हा लाल, अस्सल लाल, रसिका बाई, तुमची परीक्षा चुकीची नाही. घराचा वाटासुद्धा आला मनात. का नाही येणार? त्या घराच्या ओट्यावर मी वाढले. मी एकेकाला येऊ दिलं, हाकललं नाही. कीर्तनात बुवांच्या मागं टाळकरी उभे राहतात तसे ते माझ्या मागं ओळीनं उभे राहिले, पिवळा, निळा, जांभळा, लाल, प्रत्येकाच्या हातात टाळ, कोणी घाईत, कोणी संथ, कोणी नुसतंच तोंड हलवणारा. असू देत. टाळकरी नसले तर मजा नाही. पण वीणा त्यांच्यातल्या एकाच्याही गळ्यात नव्हती. मग ती कुणाच्या गळ्यात होती? हे मला कळलं असतं तर मी रसिकाला जाऊन सांगितलं असतं, बाई, यालाही एक रंग द्या. कळलं नाही. तार वाजत होती. पत्र्यातून ऊन ठिबकत होतं. कुत्रा होता. तो नसेल, दुसराच असणार, पण बाबांच्या वेळच्यासारखाच पाय ताणून सतरंजीवर पडला होता, आणि खुर्चीवर ठेवलेल्या माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. मुलाखत चालू झाली असणार. माझे हात गुंतलेले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोन वाजला आणि मला तो घेता येत नव्हता, आणि मी हसतेय हे मला नामाचा सूर वर गेला तेव्हा कळलं.

पुढचा पहारेकरी आला नाही. ज्याचं नाव लागलं होतं त्याचे चांदीच्या मूर्तीपुरते पहारे आधीच भरले होते, असं नंतर कळलं. ऊन खांबावरून सरकून सतरंजीवर आलं. घसा कोरडा पडला, नाम नुसत्या श्वासाचं झालं. तेव्हा महेंद्र आला. संध्याकाळच्या तयारीला आला असणार, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडवाबाहेर काढायच्या त्या चपला तशाच पायात. मला बघून थबकला. इकडे तिकडे बघितलं. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अजून तूच? बाकीचे कुठं मेले? ठेव जरा खाली, टेबलावर ठेव. दोन मिनिटांत कोणाला तरी बोलावतो." मी नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "अगं, कोण बघतंय?" आणि म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच काही वाटलं असावं, कारण त्यानं कुत्र्याकडे बघितलं. तोही लहानपणी या मांडवात यायचा. तांब्या माझ्या हातात असायचा, पण मला कडेवर उचलून बाबांच्या तोंडापर्यंत पोचवायचा तो. मी नाम तोडलं नाही. नुसती हनुवटी उचलून तांब्या दाखवला.

तो गेला, चपला काढल्या, माठातून पाणी आणलं आणि माझ्या तोंडाला तांब्या लावला. दोन नामांच्या मधल्या जागेत मी घोट घेत होते. थोडं पाणी हनुवटीवरून हारावर गेलं. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं माझं कपाळ टिपलं. मग म्हणाला, दे. मी दिली नाही. उभी राहिले, वाजवत, त्याच्याकडे बघत. त्याला कळलं. मोठा भाऊ, गावात चारचौघांत मान असलेला, आणि धाकट्या बहिणीच्या पाया पडायचं, तेही जिच्या मनात वाटा आहे असं त्याला वाटतं तिच्या. "तुला हेच पाहिजे होतं ना," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. हेही एक कारण घे, म्हटलं मनात, ठेव तुझ्याजवळ, बाबांनी सरपंचाला दिलं तसं. तार वाजत होती, आणि मांडवात आम्ही दोघं आणि एक कुत्रा, कोणाला दाखवायचं म्हणून वाकायची त्याला सोय नव्हती, आणि कोणाला दाखवायचं म्हणून मी अडून बसलेही नव्हते. तो वाकला. त्याची बोटं थंड होती, माठाच्या पाण्यानं ओली. वीणा त्याच्या गळ्यात घातली, आणि मीही वाकले, तेव्हा माझ्या गळ्यातून तो लाल बिल्ला सुटून त्याच्या पावलांवर लोंबला. सकाळी डोंबिवलीहून निघताना सवयीनं पट्टा गळ्यात घातला होता, अख्खा पहारा तो हाराखाली होता. नामाच्या मधल्या जागेतून त्यानं विचारलं, हे काय?

मी म्हटलं, मला भीती वाटते म्हणे.

त्याचं नाम एक मात्रा हसण्यात गेलं, पण तुटलं नाही. त्याचा आवाज बाबांच्यापेक्षाही बेसूर आहे. मी खुर्चीवर बसले, पाय लांब केले, ते माझे वाटत नव्हते. पर्समध्ये फोन पुन्हा थरथरला आणि या वेळी मी घेतला. प्रीतम होता. चिडलेला नव्हता, थकलेला होता. ताई, जागा गेली, म्हणाला, त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. आणि आता वरून विचारतायत, सत्र सोडून गेल्या त्या का गेल्या; काहीतरी लिहावं लागेल मला, एक कारण द्या ना, कुठलंही. माझ्यासमोर माझा भाऊ इस्त्रीच्या सदऱ्यात घामाघूम उभा होता, त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि तो डोळे मिटायला लागला होता.

"लिही," मी म्हटलं, "घाबरल्या म्हणून गेल्या. बिल्ला लालच आहे ना माझा."